खपाची गाणी

गाणे लोकांना किती आवडले, हे दुकानदाराच्या वहीवरून सांगता येईल काय? इंग्रज माणसाला विचाराल तर तो चटकन 'हो' म्हणेल. १९५२ च्या नोव्हेंबरात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने दुकानांना टेलिफोन करकरून खपाची पहिली यादी छापली, आणि तेव्हापासून हा हिशेब चालूच आहे. त्यात गंमतीही आहेत. १९६५ साली बीटल्सची मंडळी ऐन भरात. पण ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वांत जास्त खपली ती केन डॉड या विनोदी नटाची 'टिअर्स' ही तबकडी! पाकिटे अजून आईबापांच्याच खिशात होती म्हणायची.

पुढे १९८४ मध्ये इथिओपियातल्या दुष्काळपीडितांसाठी काढलेल्या नाताळच्या गाण्याने खपाचा उच्चांक केला. चाल बेताचीच, पण मदतपेटीत नाणे टाकावे तशी लोकांनी ती तबकडी घेतली.

तोही उच्चांक १९९७ मध्ये मोडला. मर्लिन मन्रोवरचे आपले जुने गाणे एल्टन जॉनने नव्या शब्दांत डायनाच्या अंत्यविधीत म्हटले. एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या सुमारे ४९ लाख प्रती गेल्या. घरी आणून ते दुसऱ्यांदा लावले असेल कितीजणांनी? खुद्द एल्टन जॉनने ते शब्द पुन्हा कधी मैफलीत म्हटले नाहीत.