एका दात्याचा फरक

इंदूरच्या एका मराठी कुटुंबात जुनी गाडी आली. मुलीने नोकरीतल्या बचतीतून घेतलेली २००१ सालची होंडा सिटी. रंग बरा होता, एसी चालत होता आणि काटा ९४,००० किलोमीटर दाखवत होता. वडील कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडून कान दिला आणि इंजिन उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. मुलीने मात्र एकच प्रश्न विचारला, “बाबा, याचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय?”

जुन्या मालकाला ते ठाऊक नव्हते. वडील हसून म्हणाले, “अगं, आवाज नाही, गळती नाही. चालतं इंजिन कशाला खोलायचं?”

पुष्कळ घरांत हाच विचार केला जातो आणि तो स्वाभाविकही आहे. ब्रेक झिजले की किरकिरतात, टायर झिजला की दिसतो. टायमिंग बेल्ट मात्र झाकणाआड असतो आणि बहुतेक वेळा कसलीही सूचना न देता तुटतो.

हा बेल्ट करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टन वर-खाली करतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो वॉल्व्ह उघडतो व मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. हा मेळ राखण्याचे काम आतून दाते असलेला रबरी बेल्ट करतो. १९६२ साली जर्मनीच्या ‘ग्लास १००४’ या मोटारीत असा बेल्ट आला आणि पुढे तो जगभर पसरला, कारण तो साखळीपेक्षा स्वस्त, हलका आणि कमी आवाजाचा.

पण रबर कालांतराने कडक होते, त्याला चिरा पडतात. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो आणि वॉल्व्ह उघडे राहतात. पिस्टन मात्र वेगाने वर येतच असतात. अनेक इंजिनांत पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेतून आळीपाळीने ये-जा करतात. तेथे मेळ बिघडला की दोघांची टक्कर होते, वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. मग बेल्टच्या किमतीऐवजी इंजिन उघडण्याचा खर्च समोर येतो. शिवाय गाडी बंद पडते ती बहुधा भर रस्त्यात.

म्हणूनच गाडीच्या माहितीपुस्तिकेत बेल्ट बदलण्याची मुदत दिलेली असते. पुष्कळ गाड्यांत ती ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान असते आणि सोबत वर्षांची मर्यादाही असते. गाडी कमी चालली तरी रबराचे वय वाढतच असते. जुन्या गाडीची नोंद मिळत नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असेच धरून चालावे.

आधी खात्री करा

प्रत्येक गाडीत बेल्ट असतोच असे नाही. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या मूळ पेट्रोल इंजिनांत साखळी होती. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांतही साखळी आहे. उलट मारुती ८०० मध्ये बेल्ट होता. काही इंजिनांत बेल्ट बदलताना क्रँक आणि कॅम अडकवून ठेवण्यासाठी खास पिना लागतात; २०१२ साली भारतात आलेल्या डस्टरचे डिझेल इंजिन त्यांपैकीच. अशी गाडी जाणकार मेकॅनिककडेच सोपवलेली बरी. आपल्या इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका हाती नसेल, तर घरी पाना उचलूच नये.

पंपही त्याच वेळी का?

वडिलांना बेल्टचे म्हणणे पटले, पण मुलीने आणलेला नवा वॉटर पंप पाहून ते पुन्हा अडले. “जुना गळत नाही, मग हा खर्च कशाला?”

त्याचे उत्तर खर्चाच्या हिशेबातच आहे. वॉटर पंप इंजिनात कूलंट फिरवतो. या गाडीसारख्या अनेक इंजिनांत त्याला फिरवतो तो टायमिंग बेल्टच. म्हणजे पंप काढायचा तर बेल्ट काढावाच लागतो. नव्या बेल्टबरोबर जुना पंप ठेवला आणि तो वर्षभरात गळू लागला, तर सगळी खोलाखोली पुन्हा करावी लागते. पंपाचे बेअरिंग अडकले, तर ते नवा बेल्टही तोडू शकते. त्यामुळे बेल्ट, पंप आणि बेल्टला ताण देणारा टेन्शनर एकदमच बदलण्याची पद्धत आहे. सुटे भाग अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत. खोक्यावर नाव खरे आणि आत माल नकली, असा प्रकार या धंद्यात होतो.

कामाची सुरुवात

काम शनिवारी सकाळी थंड इंजिनावर सुरू झाले. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते कूलंट उसळून चेहरा भाजतो. प्रथम बॅटरीची ऋण तार काढली. सपाट फरशीवर हँडब्रेक लावून मागच्या चाकांना ओट दिली. पुढची डावी बाजू जॅकने उचलली आणि लगेच खाली भक्कम लोखंडी स्टँड दिला. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. विटा रचून त्यांवर गाडी ठेवणे तर जिवावर बेतणारे आहे.

कूलंट पसरट भांड्यात काढून लगेच झाकून ठेवले. ते चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले, कुत्री, मांजरे यांच्यापासून ते दूर हवे आणि गटारात तर ओतूच नये.

चाक, आतले प्लॅस्टिकचे आवरण आणि बाहेरचे बेल्ट निघाले. पुलीकडचे इंजिन-माउंट सोडण्याआधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसऱ्या जॅकने आधार दिला. क्रँकपुलीचा बोल्ट भयंकर घट्ट असतो. पुली धरून ठेवणारे योग्य हत्यार मिळेपर्यंत वडिलांनी त्यावर छिन्नी-हातोडा चालवू दिला नाही. दुपारचे दोन तास हत्यार शोधण्यातच गेले.

झाकणे निघाल्यावर मुलीने क्रँक आणि कॅम यांच्या खुणा जुळवल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि मगच बेल्ट उतरवला. बेल्ट उतरवल्यावर क्रँक किंवा कॅम मुद्दाम फिरवून पाहू नये. जुन्या बेल्टच्या पाठीवर बारीक चिरा होत्या. पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट ओघळ होता. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी मुकाट्याने नव्या पंपाचे खोके उघडले.

पंप बसवण्याची जागा स्वच्छ पुसून घ्यावी, पण धातूवर ओरखडा येऊ देऊ नये. नवी ओ-रिंग किंवा गॅस्केट लावावे आणि बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावेत. ॲल्युमिनियममधील आटे अंदाजपंचे आवळल्याने जातात. नवा बेल्ट दुमडू नये, पिळू नये आणि त्याला तेलाचा हात लावू नये. त्यावर बाण असेल, तर तो इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवावा.

हाताने दोन फेरे

रविवारी दुपारी बेल्ट बसला, ताण दिला गेला, खुणा जुळल्या. आईने दोनदा हाक मारली, “अहो, पानं वाढलीत!” वडील म्हणाले, “झालं आता. झाकण लाव आणि स्टार्टर मार.”

“नाही बाबा, आधी हाताने दोन फेरे.”

हे दोन फेरे म्हणजे या कामाची खरी परीक्षा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या स्वतःच्या दिशेने पूर्ण दोनदा हळूहळू फिरवायचे. पुलीच्या बाजूने पाहता बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. या जुन्या सिटीचे इंजिन उलट फिरते. मध्येच कठीण अडथळा लागला, तर जोर न लावता तेथेच थांबायचे. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा अचूक जुळायला हव्यात.

त्या जुळल्या नाहीत. कॅमची खूण एका दात्याने मागे होती. बेल्टची एक बाजू सैल राहिली होती आणि ताण आल्यावर ती सरकली होती.

एक दाता चुकला तरी इंजिन अडखळते, ताकद कमी होते, पेट्रोल जास्त लागते. जास्त दाते चुकले, तर पिस्टन आणि वॉल्व्ह भिडू शकतात. स्टार्टर मारल्यावर ते कळून उपयोग नसतो. हाताने फिरवताना मात्र चूक दिसते आणि दुरुस्तही करता येते.

वडिलांनी पाना खाली ठेवला. “काढ पुन्हा,” ते म्हणाले, “जेवण गरम करता येईल.”

बेल्ट पुन्हा बसला. पुन्हा दोन फेरे, पुन्हा तपासणी. या वेळी खुणा जुळल्या. संध्याकाळी योग्य प्रमाणातले नवे कूलंट भरून, आतली हवा काढून इंजिन सुरू झाले. पंखा सुरू होईपर्यंत तापमानाच्या काट्यावर आणि पंपाच्या जोडावर दोघांची नजर होती. इंजिन थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा पाहिली.

या कामात मजुरीचे पैसे वाचतात, हे खरे. पण ते वाचवायला रविवार पुरेल, असे आधी ठरवून बसू नये. वेळ लागेल, एखादे हत्यार आणावे लागेल, कदाचित अर्ध्यात मेकॅनिकला बोलवावे लागेल. त्यात कमीपणा नाही. खुणा न जुळलेले इंजिन घाईने सुरू करण्यापेक्षा गाडी दोन दिवस उभी ठेवणे कधीही स्वस्त.

रात्री आईने एका चिठ्ठीवर तारीख, ९४,००० हा आकडा आणि ‘बेल्ट, पंप, टेन्शनर बदलले’ असे लिहून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. पुढे ही गाडी कोणीही घेतली, तरी मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला गाडीतच मिळेल.