घरदार : एका वाड्याचीं चार बिऱ्हाडें

गेवराई तालुक्यांतील चकलांबा येथून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. तिघां भावांचा वडिलोपार्जित वाडा गांवांत आहे. मधले भाऊ छत्रपती संभाजीनगरास, धाकटे पुण्यास, आणि थोरल्यांचें कुटुंब वृद्ध सासूबाईंसह गांवींच. माळवद दोन जागीं गळतें, मागचा एक खण खचला आहे, आणि दिवाळीस तिन्ही कुटुंबें जमलीं म्हणजे एका न्हाणीपुढें व एका शौचकूपापुढें जी रांग लागते, तिनें सणाच्या आनंदावर दरसाल विरजण पडतें. आतां धाकट्यांच्या मनांत असें आहे कीं, वाडा आहे त्या स्थितींत विकावा आणि गेवराईजवळ महामार्गालगत तीन स्वतंत्र प्लॉट घ्यावे. ‘तीन घरें होतील हें खरें, पण सासूबाईंनीं कोणाच्या घरीं राहावयाचें, हें कोणीच बोलत नाहीं,’ असें बाईंनीं शेवटीं लिहिलें आहे.

पत्र एका घरचें असलें तरी प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांचा आहे. घर अपुरें पडूं लागलें कीं आपणांस दोनच वाटा दिसतात. एक तर आहे त्याच माजघरांत दाटीवाटीनें दिवस काढावे, नाहीं तर गांवाबाहेर शेत मोडून पाडलेल्या प्लॉटांवर पांगावें. त्याच जागेवर, त्याच आळींत, दोन मजल्यांच्या मर्यादेंत तीन-चार लहान पण स्वयंपूर्ण बिऱ्हाडें बांधावीं, ही तिसरी वाट आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. ती आपण कां सोडली तें प्रथम पाहूं.

पुण्याच्या पेठांतील वाडे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस अधिक सांगणें नको. मालक पुढच्या चौकांत राही. मागच्या चौकांत, माडीवर, दिंडीदरवाजाशेजारच्या खोल्यांत कारकून, शिक्षक, विद्यार्थी, एखादी एकटी विधवा अशीं बिऱ्हाडें नांदत. जागा थोडी आणि माणसें पुष्कळ, तरी इमारत कोणाच्या डोक्यावर येत नसे, कारण मधला चौक उजेड देई आणि वाराहि देई. ही व्यवस्था मोडली ती मुख्यतः भाड्याच्या प्रश्नावर. मुंबई सरकारनें १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण धरलें. महायुद्धानंतरच्या टंचाईंत भाडेकरूंस संरक्षण हवेंच होतें. परंतु दशकामागून दशकें लोटलीं तरी भाडें तेंच राहिलें, तेव्हां कौलें चाळण्याचा खर्चहि त्यांतून निघेना. मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरू जागा सोडीना. त्यांतच १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठचे शेंकडों वाडे मातीस मिळाले. मराठवाड्यास हैदराबाद राज्याचा १९५४ चा निराळा भाडेकायदा होता. पुढें १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमानें दोन्ही रद्द झाले. मालकांच्या मनांतील धास्ती मात्र रद्द झाली नाहीं. ‘ठेवला भाडेकरू तर गेली जागा’ हें वाक्य आजहि प्रत्येक ओसरीवर ऐकूं येतें.

मुंबईकरांनीं याच प्रश्नास निराळें उत्तर शोधलें होतें. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. इमारत कोणा एकाची नाहीं. सभासद हाच भाडेकरू आणि तोच, सर्वांच्या बरोबरीनें, मालक. कल्पना फार मोलाची, जरी ती एका ज्ञातीपुरतीच आखलेली होती. पुढें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत दादर-माटुंग्यास सुधारणा ट्रस्टनें आंखलेल्या भूखंडांवर दोन-तीन मजल्यांच्या इमारती उठल्या व ‘ब्लॉक’ हा शब्द घरोघर झाला. त्या काळीं मोठा वाद कशाचा, तर शौचकूप घराच्या आंत आणावा कीं नाहीं याचा! सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पनेस तें रुचण्याजोगें नव्हतें. परंतु ज्या दिवशीं चूल, न्हाणी आणि शौचकूप हीं तिन्ही एका दाराआड आलीं, त्या दिवशीं चार खणांतलें बिऱ्हाडहि पुरें घर झालें. सामायिक घरांतील बहुतेक कलह याच तीन ठिकाणीं उत्पन्न होतात, हें आमच्या भगिनींस कोणीं सांगावयास नको. देवघर सामायिक चालतें, अंगण चालतें, आडहि चालतो. मोरी मात्र चालत नाहीं.

अलीकडचें एक उदाहरण नव्या मुंबईंतील बेलापूरचें. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तेथें जी वसाहत रचली, तींत सुमारें ४५ ते ७५ चौरस मीटरांचे लहान भूखंड होते. सात घरें एका अंगणाभोंवतीं, अशीं तीन अंगणें एका मोठ्या अंगणाभोंवतीं, अशी ती मांडणी. शेजाऱ्याशीं सामायिक भिंत ठेवली नाहीं, म्हणजे ज्याला वाढवावयाचें त्यानें दुसऱ्यास न विचारतां वाढवावें. हेक्टरीं पांचशें माणसें बसतील असा हिशेब होता, आणि तोहि कोठें उत्तुंग इमारत न उभारतां. पुढें रहिवाशांनीं कित्येक मूळ घरें पाडून उंच बांधलीं. कांहीं वास्तुविशारद त्यावर हळहळतात. घर वाढतें ठेवलें तर तें वाढणारच, असें आम्हांस वाटतें.

दूरच्या न्यूझीलंड देशांत ऑकलंड शहरानें २०१६ सालीं निवासी भागाच्या सुमारें तीन-चतुर्थांश क्षेत्रावर पूर्वींपेक्षां अधिक घरें बांधण्याची मोकळीक दिली, आणि त्यापुढील वर्षांत लहान जोडघरांचीं बांधकामें पुष्कळ वाढलीं. तेथील जुन्या बंगल्यांच्या आळ्यांसहि आपल्यासारखीच दाटीची भीति होती.

आतां मराठवाड्यांत येऊं, कारण आमच्या पत्रलेखिकेनें दोन गोष्टींचा विचार करावा असें आम्हांस वाटतें, आणि त्या दोन्ही किल्लारीनें शिकविल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या त्या भूकंपांत हजारों माणसें गेलीं, तीं बहुतांशीं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचें ओझें यांखालीं सांपडून. वर्षानुवर्षें गळती थांबविण्यासाठीं थरावर थर चढवितां चढवितां माळवदाची माती कित्येक घरांत दीड-दोन फूट झाली होती. तेव्हां वाडा वाचविणें म्हणजे त्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब ओतून वर माडी चढविणें नव्हे. तसें करणें हें आपल्याच माणसांच्या डोक्यावर शिळा टांगून ठेवण्यासारखें आहे. माडी हवी असेल तर तिला स्वतःचा पाया व स्वतःचे खांब द्यावे, जोत्यावर, दारांखिडक्यांच्या वर आणि छताखालीं सलोह काँक्रीटचे पट्टे फिरवावे, आणि हें सर्व पदवीधर अभियंत्याकडून करवून घ्यावें. जुन्यापैकीं दिंडीदरवाजा, चौकाची फरशी, सागवानी खांब व तुळया राखतां येतील तितक्या राखाव्या.

दुसरी गोष्ट पांगण्याची. भूकंपानंतर बावन्न गांवें समूळ उठवून नव्या जागीं वसविलीं. जमीनधारणेप्रमाणें २५०, ४०० व ७५० चौरस फुटांचीं घरें देण्यांत आलीं, रुंद सरळ रस्ते आंखले गेले, आणि गांवानें पूर्वींच्या कित्येक पट जागा व्यापली. संकट इतकें मोठें होतें कीं सरकारास दोष देणें सोपें नाहीं. परंतु पूर्वीं दोन वाड्यांच्या मधल्या बोळांतून शेजारीण येऊन बसे. आतां भर उन्हांत उघड्या रस्त्यानें चालत जावें लागे. जलवाहिनी लांबली, विजेचे खांब वाढले, आणि जीं कुटुंबें एका चौकांत होतीं तीं निरनिराळ्या रांगांत गेलीं. महामार्गालगतच्या तीन प्लॉटांवर नेमकें हेंच घडावयाचें आहे. फरक एवढाच कीं येथें भूकंप आपणच करणार!

आमची सूचना अशी. वाड्याची जागा पुरेशी असेल तर चौक मध्यें तसाच ठेवून खालीं दोन आणि वर दोन अशीं चार बिऱ्हाडें काढावीं. प्रत्येकास स्वतःची चूल, न्हाणी, शौचकूप, विजेचा मीटर आणि कुलूप लागेल असें दार. वरच्या दोघांस जिना चौकांतून, म्हणजे कोणाच्या माजघरांतून जाणें-येणें नको. सासूबाईंची खोली तळमजल्यावर, पायरीविना, चौकाकडे उघडणारी. तिचें दुसरें दार थोरल्यांच्या स्वयंपाकघराकडे. त्या मग कोणाच्या घरीं राहणार नाहींत. आपल्या वाड्यांत राहतील, आणि जो येईल तो त्यांच्या चौकांत येईल.

चौथें बिऱ्हाड भाड्यानें द्यावें. चकलांब्यास पोलीस ठाणें आहे. शाळा, दवाखाना, बँक यांसारख्या ठिकाणीं बदलून येणारीं माणसें खेड्यांत नीट जागा मिळत नाहीं म्हणून तालुक्याच्या गांवीं राहून रोज मोटारसायकलीवर ये-जा करतात. लेखी, नोंदणीकृत, मुदतबंद करार केला तर जागा जाण्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. आणि त्या भाड्यांतून वाड्याचा सामायिक खर्च बाहेर पडेल. फक्त एक आडकांठी आम्हांस दिसते. ब्राह्मणआळींत बिऱ्हाड द्यावयाचें म्हटलें कीं पहिला प्रश्न आडनांवाचा होतो. रात्रीं अपरात्रीं ज्या परिचारिकेनें आपल्या सासूबाईंची नाडी पाहावी, तिला जिन्यावरची खोली मात्र नाकारावी, हें कोणत्या शास्त्रांत बसतें तें आम्हांस ठाऊक नाहीं.

पाण्याची शंका रास्त आहे. बीड जिल्हा पर्जन्यछायेंत आहे, आणि चार शौचकूपांस एका आडाचें पाणी कसें पुरावें? पण हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षांत ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारें ५५ हजार लिटर पाणी होतें. त्यांतलें निम्में जरी गाळून आडांत उतरविलें तरी उन्हाळ्याचा आरंभ सुसह्य होईल. शेजाऱ्यांचा उजेड अडूं नये म्हणून वरचा मजला बोळापासून थोडा मागें घ्यावा, आणि ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी घेतल्यावांचून कुदळ मारूं नये.

कागदपत्रांची बाब जरा किचकट आहे. महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा पांच किंवा अधिक गाळ्यांच्या इमारतींसाठीं लिहिला गेला. तीन भावांच्या चार बिऱ्हाडांस तो अंग चोरतो. म्हणून वाटणीपत्र नोंदवावें, आणि त्यांत कोणता खण कोणाचा एवढेंच न लिहितां चौक, जिना, आड, बोळ व गच्ची यांवर सर्वांचा हक्क कसा, दुरुस्तीचा वांटा कसा, आणि कोणास विकावयाचें झाल्यास आधीं कोणास विचारावयाचें, हेंहि स्पष्ट घालावें. २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं गावठाणांची ड्रोनच्या साह्यानें मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या वाड्याची निघाली आहे कीं नाहीं, तीवर नांवें कोणाचीं आहेत आणि मोजमाप जुळतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

पत्रांत तिघां भावांचा उल्लेख आहे. नणंदा आहेत कीं नाहींत तें लिहिलेलें नाहीं. असल्यास, २००५ च्या दुरुस्तीपासून विवाहित मुलींसहि वडिलोपार्जित मिळकतींत भावांइतकाच वांटा आहे. त्यांस ‘सही करून द्या’ असा निरोप न पाठवितां नकाशा काढावयाच्या आधींच बोलावून घ्यावें. कदाचित् चौथें बिऱ्हाड त्यांपैकींच कोणास हवें असेल. आणि हें सर्व ठरेपर्यंत खचलेल्या खणांत कोणीं निजूं नये, व मृगापूर्वीं त्यावरील माळवदाची माती उतरवून घ्यावी.