एक जागा नवख्यासाठी

एक मोठी फाइल शेकडो संगणकांनी आपापसांत वाटून घ्यायची, मध्ये मुख्य सर्व्हर कोणी नाही; हे झाले ‘पीअर टू पीअर’ जाळे. पण प्रत्येकाची इंटरनेट जोडणी मर्यादित. मग आधी कोणाला द्यायचे, कोणाला ताटकळत ठेवायचे? हे चांगुलपणावर सोडले की काय होते, ते २००० साली दिसले. ग्नुटेला या जाळ्याच्या पाहणीत सुमारे ७० टक्के लोक इतरांना एकही फाइल देत नसल्याचे आढळले. सगळे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे.

पुढच्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरंट आणले. त्यात फाइलचे लहान तुकडे होतात आणि ज्या तुकड्याच्या प्रती सर्वांत कमी, तो आधी मागवला जातो. (शेवटची प्रत असलेला लॅपटॉप बंद करून निघून गेला, तर सगळ्यांचीच फाइल अर्धवट राहील ना!) वाटपाचा नियम रोखठोक आहे. मूळ रचनेत संगणक एका वेळी साधारण चौघांनाच देतो, आणि त्याला जास्त वेगाने देणाऱ्यांचा नंबर आधी. दर १० सेकंदांनी हिशेब नव्याने. हात आखडता घेतला की रांगेत मागे.

एवढ्यावर मात्र हे जाळे चालले नसते. नव्याने आलेल्याकडे द्यायला एकही तुकडा नसतो. म्हणून एक जागा पत न बघता दिली जाते आणि साधारण दर ३० सेकंदांनी दुसऱ्याकडे जाते. बिटटोरंटचे कौतुक होते ते फुकट्यांना चाप लावल्याबद्दल. खरी अक्कल या एका जागेत आहे.

आज ‘अकॅडेमिक टोरंट्स’वर संशोधनाचे अवाढव्य माहितीसंच याच पद्धतीने वाटले जातात. सर्व्हरचा खर्च वाचतो, हे खरे. पण म्हणून माहिती प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेने हात झटकणे बरोबर नाही. तिने पूर्ण प्रत असलेला स्वतःचा संगणक चालू ठेवलाच पाहिजे. अशा संगणकाला कोणाकडून काही घ्यायचे नसते, त्यामुळे तिथे परतफेडीचा हिशेब लागू होत नाही. मूळ रचनेत तो वेगाने उचलणाऱ्यांना आधी देई. सुरुवातीला ते ठीक, प्रती लवकर पसरतात. पण नंतरही तोच क्रम राहिला, तर मंद जोडणीचे लहान महाविद्यालय कायम मागेच. काही टोरंट प्रोग्रॅममध्ये आळीपाळीने देण्याचा पर्याय असतो. जनतेच्या पैशातून जमवलेल्या आरोग्यविषयक माहितीसाठी संस्थांनी तोच निवडावा.