‘सर’ कोणाला आणि सरपण कोणाला?

मध्यंतरी आम्ही राळेगणसिद्धीला गेलो होतो. पारनेर तालुक्यातले हे गाव पाहायला देशभरातून माणसे येतात, तसेच आम्हीही गेलो. चहाच्या टपरीवर कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने आम्हाला विचारले, “सर, रतन टाटांना इंग्लंडच्या राणीने ‘सर’ केलं, मित्तलांना राजाने केलं. मग आमच्या अण्णांना का नाही केलं?” प्रश्न निरागस होता. पण त्याचे उत्तर चहा संपेपर्यंत देण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे रतन टाटा ‘सर’ झालेच नव्हते. 2009 मध्ये त्यांना मिळाला तो ‘केबीई’ हा मानद किताब, आणि 2014 मध्ये मिळाला त्याच मालिकेतला सर्वात वरचा ‘जीबीई’. 2024 मध्ये भारतीचे सुनील मित्तल यांना आणि 2025 मध्ये टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन यांना असाच मान मिळाला. अमेरिकेच्या बिल गेट्सना तो 2005 मध्येच मिळाला होता. ब्रिटनचा राजा ज्यांचा राजा नाही, अशा देशांच्या नागरिकांना हा किताब ‘मानद’ म्हणून देतात. त्यांच्या खांद्यावर तलवार टेकवली जात नाही आणि त्यांना नावाआधी ‘सर’ लावता येत नाही. तरीही आमची वृत्तपत्रे अर्ध्या हळकुंडाने पिवळी होतात आणि ‘सर’ छापून मोकळी होतात. या किताबाच्या नावात ‘ब्रिटिश एम्पायर’ आजही शिल्लक आहे, हे मात्र कोणी छापत नाही.

आता हे किताब कशासाठी मिळतात ते पाहा. टाटांनी 2007 मध्ये कोरस ही पोलाद कंपनी घेतली, 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली आणि 2009 मध्ये किताब आला. 2020 मध्ये दिवाळखोरीत निघालेली वनवेब ही उपग्रह कंपनी मित्तलांच्या भारतीने आणि ब्रिटिश सरकारने मिळून वाचवली. 2024 च्या किताबाचे कारण भारत-ब्रिटन व्यापारसंबंध असेच सांगितले गेले. यात लाच नाही, चोरी नाही. पण हिशेब आहे. ज्याची थैली आपल्या देशात उघडते त्याचा मान करायचा, ही व्यापारी राष्ट्राची जुनी रीत आहे. वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटला टाटांच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाली. ब्रिटनमधल्या टाटा स्टीलच्या सुमारे 2,800 नोकऱ्या जाणार, हे आधीच जाहीर झाले होते. त्या भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या कामगाराला कोणता किताब मिळाला?

ही रीत मुंबईला नवी नाही. 1842 साली जमशेटजी जीजीभॉय हे ‘सर’ झालेले पहिले भारतीय. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून त्यांनी संपत्ती मिळवली होती. त्यांचे दातृत्व आम्ही नाकारत नाही. जे. जे. रुग्णालयात आमच्याच आयाबहिणी बाळंत झाल्या आहेत. पण ज्या राज्याने त्यांना ‘सर’ केले, त्याच राज्यात गावोगावचा महार वतनाच्या नावाखाली वेठ करत होता. साहेबाचा मुक्काम पडला की सरपण वाहायचे ते त्याने, आणि तेही वेळकाळ न पाहता. वरच्याला ‘सर’ आणि खालच्याला सरपण! हे वतन नष्ट व्हावे म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात कायदा व्हायला 1958 साल उजाडावे लागले.

राळेगणच्या तरुणाला आम्ही त्याच्याच तालुक्याची आठवण करून देतो. सेनापती बापट पारनेरचे. पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी सरकारने कायद्याचा बडगा दाखवून घेतल्या, तेव्हा 1921 पासून सत्याग्रह झाला. बापट त्याचे सेनापती झाले आणि तुरुंगात गेले. टाटा उद्योगाचे प्रमुख होते दोराबजी टाटा, 1910 पासून ‘सर’. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली आणि मावळ्याच्या भातशेतीवर पाणी आले. मालकाला किताब सरकारने दिला होता. पारनेरच्या माणसाला ‘सेनापती’ म्हटले ते लोकांनी.

लोकांनी दिलेली पदवी काय असते, हे जोतीरावांना विचारा. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट या राजपुत्राच्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि रयतेचे हाल त्यांनी तोंडावर सांगितले. त्याच वर्षी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात कष्टकऱ्यांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटले. त्यासाठी राजवाड्याची सही लागली नाही.

मग सरकारी पदवी घेणारे सगळे वाईट होते काय? तसे आम्ही म्हणणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा 1923 चा ठराव मांडणारे सीताराम केशव बोले रावबहादूर होते. पण त्यांना आपण आठवतो ते त्या ठरावासाठी, ज्याच्या आधाराने 1927 मध्ये महाडचे पाणी पेटले. बाबासाहेब स्वतः 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आजूबाजूला ‘सर’ मंडळी होती. टाटांकडचे सर अर्देशिर दलाल 1944 मध्ये त्याच मंडळात आले. बाबासाहेब ‘सर’ न होताच बाहेर पडले. पण कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी कल्याण निधी उभा करून बाहेर पडले. त्यांच्या नावाआधीचे ‘डॉक्टर’ मात्र अभ्यासाने मिळवलेले होते.

याच माणसाने घडवलेल्या संविधानात कलम 17 आणि कलम 18 शेजारी शेजारी आहेत. सतरावे अस्पृश्यता नष्ट करते. अठरावे किताब नष्ट करते: लष्करी आणि विद्याविषयक मान सोडून राज्याने कोणताही किताब द्यायचा नाही आणि भारतीय नागरिकाने परदेशी राज्याकडून किताब घ्यायचा नाही. किताब न घेणे ही नागरिकत्वाचीच अट आहे, असे बाबासाहेबांनी 1948 च्या अखेरीस संविधान सभेत स्पष्ट केले. पद्म सन्मान हे किताब नाहीत आणि ते नावाला जोडता येणार नाहीत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या डिसेंबरात दिला. परदेशी मानद सन्मान ‘सर’ न लावता घेतला तर कायद्याचे अक्षर सुटते, असे वकील म्हणतील. म्हणोत. आम्ही भावार्थ विचारतो. जन्माने चिकटवलेला ‘अस्पृश्य’ हाही एक किताबच होता, फक्त खाली ढकलणारा. वर चढवणारा किताब ठेवून खाली ढकलणारा काढता येत नाही, म्हणून ही दोन कलमे जोडीने वाचली पाहिजेत.

आता राळेगणकडे येऊ. 1975 मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले आणि पुढे श्रमदानाने बंधारे झाले, पाणी अडले, शिवार हिरवे झाले. हे काम मोठे आहे. अण्णांना 1990 मध्ये पद्मश्री आणि 1992 मध्ये पद्मभूषण मिळाले. (संविधानाच्या शिल्पकाराला भारतरत्न द्यायलाही याच देशाला 1990 साल उजाडावे लागले, मरणानंतर 34 वर्षांनी!) पण पाट्या काय एकट्या अण्णांनी उचलल्या? गावाने दलित कुटुंबांचे कर्ज श्रमदान करून फेडले, ही कथा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. चांगली कथा आहे. पण तिच्यात देणाऱ्याला नाव आहे आणि घेणारा नुसता ‘दलित कुटुंब’ आहे. गावच्या दलितांना शाकाहारी करण्यात आले, त्याचीही चर्चा मुकुल शर्मा यांनी 2006 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त केली. उपकार करणारा वर आणि उपकार घेणारा खाली, ही उतरंड किताबाविनाही टिकते.

आणि याच जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, 2013 साली सोनईत तीन दलित तरुण मारले गेले आणि 2014 साली खर्ड्यात शिकणारा एक कोवळा मुलगा मारला गेला. खर्ड्याच्या खटल्यात 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. सतरावे कलम कागदावर आहे आणि मुडदे जमिनीवर. अशा जिल्ह्यातल्या तरुणाला अठराव्या कलमाच्या पलीकडची स्वप्ने पडावीत, याचे आम्हाला दुःख होते.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे: बाबा रे, अण्णांना ‘सर’ नको आणि टाटा-मित्तलांनाही नको. तुझ्या गावात पोरांना शिकवणाऱ्या मास्तरांना तू ‘सर’ म्हणतोस ना, तेवढे पुरे. मिस फरारबाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी याच नगरात पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. गावच्या शाळेच्या भिंतीवर सतरावे आणि अठरावे कलम शेजारी शेजारी लिहून घे. लिहायला रंग कमी पडला तर आम्हाला कळव, आम्ही पाठवू.

जयभीम!