समन्याय म्हणजे सरसकट समान मात्रा नव्हे

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तेथील केंद्र शासनाच्या कार्यालयांतील 'विविधता, समन्याय आणि समावेशन' या नावाचे कार्यक्रम आदेशाने बंद केले. तेव्हापासून आपल्याकडेही हे शब्द चेष्टेचा विषय झाले आहेत. 'गुणवत्ता डावलून माणसे भरण्याचे पाश्चात्त्य खूळ' अशी त्यांची व्याख्या काही व्यवसायबंधूंच्या तोंडून ऐकू येते. तेथील कार्यक्रमांत दिखाऊपणा नव्हताच, असे आमचे म्हणणे नाही. परंतु द्रव्याचे गुणकर्म न पाहता ते फेकून द्यावे, तसे शब्द फेकून देणे वैद्याला शोभत नाही.

समन्याय या शब्दावरच सर्वाधिक आक्षेप आहे. वास्तविक तो समजण्यास वैद्याइतका योग्य दुसरा कोणी नसावा. चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्षा सांगितली ती कशासाठी? ज्वर एकच असला तरी प्रकृती, सार, सात्म्य, आहारशक्ती, वय यांनुसार रुग्णाचे बल वेगळे ठरते आणि त्यानुसार मात्रा बदलते. वृद्धास मृदू विरेचन दिले म्हणून तरुण रुग्णावर अन्याय झाला, असे कोणी म्हणत नाही. औषधनिर्माणशाळेत गर्भवती कामगार स्त्रीला मिरी-पिंपळीच्या धुळीतून काढून लेबल लावण्याच्या टेबलावर बसविले आणि तिचा पगार तोच ठेवला, तर तीही योग्य मात्राच होय. पायाने अधू असलेल्या मदतनिसाला पुड्या बांधण्यासाठी स्टूल दिले, तर त्याच्या गुणवत्तेत काय उणे होते? कामाची अपेक्षा दोघांकडून सारखीच. तेथवर पोहोचण्याची सोय मात्र ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

विविधतेविषयी फार वाद घालण्याचे कारण नाही. पंचकर्म करणाऱ्या प्रत्येक वैद्यास ठाऊक आहे की, स्त्री रुग्णांच्या अभ्यंगासाठी व बस्तीसाठी कुशल परिचारिका नसेल तर रुग्ण दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. नंदुरबारकडील चिकित्सालयात पावरी किंवा भिल्ली बोलणारी सहायिका असेल, तर रुग्णाचा इतिहास नीट हाती लागतो. अंध व्यक्तींनी मर्दनाचा व्यवसाय करण्याची परंपरा जपानमध्ये शतकानुशतके आहे. अभ्यंगासाठी हस्तकौशल्य हीच कसोटी असताना आपल्या पंचकर्म केंद्रांत अशी माणसे क्वचितच का दिसावीत? येथे गुणवत्ता डावलली जाते खरी, पण ती त्या लोकांची.

समावेशनाचा अर्थ तर चिकित्सेच्या चतुष्पादातच आहे. भिषक्, द्रव्य, परिचारक व रोगी हे चार पाद. परिचारकाला शास्त्राने चिकित्सेचा पाद मानले आणि उपचारज्ञता, दक्षता, अनुराग, शौच हे चार गुण त्याच्याकडून अपेक्षिले. तोच परिचारक आपल्या कित्येक चिकित्सालयांत 'अरे पोऱ्या' असतो, त्याचा चहाचा पेला वेगळा असतो आणि बारा तास उभे राहणाऱ्या बाईंना बसायला जागा नसते. पेला वेगळा का, याचे उत्तर कोणी उघडपणे देत नाही. ते सर्वांना ठाऊक असते.

'हे सारे मोठ्या कंपन्यांचे विषय, आपल्याला त्याचे काय?' असे विचारणाऱ्यांना आम्ही आपलाच एक लढा आठवून देऊ इच्छितो. निवृत्तीच्या वयात ॲलोपॅथिक डॉक्टर व आयुष डॉक्टर असा भेद नको, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्लीतील प्रकरणात मान्य केले, तेव्हा आपण सर्वांनी समाधान व्यक्त केले. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आयुर्वेदिक डॉक्टरांना एमबीबीएस डॉक्टरांइतके वेतन मागता येणार नाही असे म्हटले, तेव्हा आपण दुखावलो. त्या निकालाच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. परंतु समान वागणुकीची मागणी वरच्या पायरीकडे करायची आणि खालच्या पायरीकडे पाठ फिरवायची, हे धोरण फार काळ टिकणारे नाही.

वेतनाचेच पाहा. स्त्री-पुरुषांना समान कामास समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. औषधनिर्मात्यांना विचारले की उत्तर मिळते, 'पुरुष यंत्रावर असतात, बायका पॅकिंगला. कामे निराळी आहेत.' असतीलही. मग यंत्रावर एकही स्त्री का नाही, हा प्रश्न उरतोच. पल्वरायझर चालवायला शिकविण्यास किती दिवस लागतात, हे औषधनिर्मात्यांनीच सांगावे.

आणखी एक बाब, जिची माहिती आपल्या सभासदांत फार कमी आढळते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस अंतर्गत समिती नेमण्यास सांगतो. आपली बहुतेक चिकित्सालये व दुकाने त्याहून लहान आहेत आणि त्यामुळे 'आम्हाला कायदा लागू नाही' असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे करता येते. आपल्या जिल्ह्यातील या समितीचा पत्ता संघटनेने मिळवून प्रत्येक सभासदाकडे पाठवावा आणि सभासदांनी तो औषधे कुटण्याच्या खोलीत, कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा उंचीवर लावावा, अशी आमची सूचना आहे.