छोट्या कुत्र्याची आंघोळ आणि आपली कंबर

या आठवड्याचा विषय वाचून काहीजणी हसतील. मुलांची आंघोळ, सासूबाईंचं तेलपाणी हे या सदरात शोभतं, पण कुत्र्याची आंघोळ? जरा संध्याकाळी आपल्याच सोसायटीच्या आवारात उतरून बघा. अंधेरी असो, बोरिवली असो, नाहीतर तिकडे घाटकोपर-मुलुंड, एखादा पॉमेरेनियन, एखादा शिह त्झू, एखादा डॅशहुंड फिरायला निघालेला दिसेलच. आणि २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत तो चपट्या नाकाचा पग मुलाच्या मागे मागे हिंडला, तेव्हापासून पगांचीही घरोघर वर्णी लागली.

कुत्रं आणताना पोरं शपथा घेतात. "आई, तुला काही बघावं लागणार नाही, सगळं आम्ही करू." महिनाभर करतातही, खोटं कशाला बोला. मग परीक्षा येते, क्लास येतो, आणि रविवारी सकाळी बाथरूममध्ये पदर खोचून वाकलेली दिसते ती आईच. सोमवारी तिची कंबर धरते. डॉक्टर विचारतात, "काही जड उचललंत का?" आणि ती म्हणते, "छे हो, काहीच नाही." सहा किलोच्या कुत्र्याला जड कोण म्हणणार?

इथेच सगळं चुकतं. कंबर बिघडवतं ते कुत्र्याचं वजन नव्हे, आपलं वाकणं. गुडघे ताठ ठेवून, कमरेतून घडी घालून, हात पुढे लांबवून आपण अर्धा तास चोळत राहतो. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला हे बागेतल्या सी-सॉवरून समजावून दिलं. पाठ ताठ धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण दोन इंचांवर असतात. तुम्ही हात लांब करून कुत्रं वीस इंचांवर धरलंत, तर त्याला तोलायला त्या स्नायूंना दसपट ओढ लावावी लागते. म्हणजे सहा किलोच्या पगासाठी साठ किलोंची. शिवाय वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. तेच कुत्रं छातीशी घेतलं, की ही ओढ निम्म्याहून खाली येते.

स्वीडनचे अस्थितज्ज्ञ डॉ. आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकापासून माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत बारीक सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला होता. ताठ उभं असताना असतो त्याहून पुढे वाकल्यावर दाब बराच वाढतो, हातात वजन घेऊन वाकलं की आणखी वाढतो, आणि बसल्या बसल्या पुढे झुकून वजन उचललं तर त्याहूनही जास्त. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे "बसून कर म्हणजे कंबर दुखणार नाही" असं सर्रास सांगतात. बसण्याने काम होतं, पण बसून उचलायचं मात्र काही नाही.

आणि उचलण्यावरून आठवलं, घरात कुत्र्याहून जड वस्तू आहे ती बादली. वीस लिटरची बादली काठोकाठ भरली की वीस किलोंच्या वर जाते, म्हणजे तीन पग एकदम! नळ स्वयंपाकघरात आणि आंघोळ बाथरूममध्ये, किंवा पाणी ठरल्या वेळीच येतं म्हणून आधी भरून ठेवलेलं, अशा घरांत आंघोळ सुरू व्हायच्या आतच कमरेची वाट लागलेली असते. नळाला चार-पाच फूट रबरी नळी लावा आणि बादली जिथे लागणार तिथेच भरा. नळी नसेल तर दोन बादल्या निम्म्या निम्म्या भरून दोन खेपा करा. छोट्या कुत्र्याला बादली-दीड बादली पाणी पुरतं. पाणी धो-धो ओतण्यापेक्षा मगाने थोडं थोडं, केसांत बोटं घालून मुरवलं तर साबणही लवकर निघतो. २०२४च्या जूनमध्ये मुंबईत दहा टक्के पाणीकपात होती, तेव्हाही एवढ्यात भागण्यासारखं होतं.

आता प्रत्यक्ष आंघोळ. उपाय म्हणाल तर दोनच. एक तर कुत्र्याला आपल्या उंचीवर घ्या, नाहीतर आपण त्याच्या उंचीवर जा. मधल्या उंचीवर, म्हणजे अर्धवट वाकून, काही करायचं नाही.

माझं मत विचाराल तर कुत्र्याला वर घेणंच बरं. परदेशात अशा कुत्र्यांना स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न्हाऊ घालतात म्हणे. आपल्या घरात ते कुणाला रुचणार नाही आणि रुचू पण नये. जिथे भाजी धुतो तिथे गोचीड कशाला? वॉशबेसिनमध्येही नको, ते भिंतीतल्या दोन खिळ्यांवर उभं असतं. पण पुष्कळ घरांत कपडे धुण्याचा उंच कट्टा असतो, नव्या इमारतींत ड्राय बाल्कनी असते. तीही नसेल तर बाथरूममध्ये एखादं भक्कम स्टूल ठेवून त्यावर प्लॅस्टिकचा टब. कुणाच्या माळ्यावर जुनी लाकडी घडवंची पडली असेल तर फारच छान. हंड्या-कळशांचा भार सोसलेली ती घडवंची कुत्र्याच्या धडपडीला दाद देणार नाही. टबाचा तळ जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर यावा. खूण सोपी आहे. कुत्रं टबात उभं राहिलं की त्याची पाठ आपल्या कोपराच्या थोडी खाली आली पाहिजे. म्हणजे पाठ न वाकवता हात आपोआप त्याच्यावर जातात.

टबाच्या तळाशी जुनं टॉवेल किंवा रबरी जाळीची चटई घाला. हे फार महत्त्वाचं. पाय घसरले की कुत्रं घाबरतं, उडी मारू बघतं, आपण त्याला धरायला झेपावतो आणि त्या एका हिसक्याने पाठीत उसण भरते. अर्ध्या तासाच्या चोळण्याने होणार नाही ते या एका क्षणाने होतं. पाय घट्ट टेकले की तेच कुत्रं शहाण्यासारखं उभं राहतं. मात्र उंचावर असताना त्याच्या अंगावरचा एक हात काढायचा नाही, दार वाजलं तरी. या बारक्या जातींची पुढच्या पायांची हाडं काडीसारखी असतात, दोन फुटांवरून मारलेली उडीही मोडायला पुरते. गळ्यातल्या पट्ट्याला धरूनही खेचू नका. पॉमेरेनियनसारख्यांची श्वासनळी नाजूक असते, ओढीने त्यांना ठसका लागतो. छातीभोवतीचा पट्टा त्याहून चांगला.

टबात ठेवताना आणि काढताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि कुत्रं आपल्या पोटाशी लागलेलं असं उचलायचं. जमिनीवरून घेताना गुडघ्यात वाका, उठताना मांड्यांच्या जोरावर उठा. हे आपल्यासाठी तर आहेच, पण डॅशहुंडसाठी जास्त. त्याची पाठ लांबोडकी, त्याच्या मणक्यांतल्या चकत्या सरकण्याचा धोका मोठा. नुसतं पुढच्या पायांना धरून लोंबकळत उचललं तर मालकिणीच्या आधी त्याचीच कंबर जायची.

ज्यांच्या बाथरूममध्ये स्टूल ठेवायला जागाच नाही (आणि उपनगरातल्या वन-रूम-किचनमध्ये ती कुठून असणार!) त्यांनी खाली बसावं. इथे मला आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई आठवते. पाटावर पाय पसरून बसायची, बाळ पायांवर, उजव्या हाताला घंगाळ, डाव्या हाताला डाळीच्या पिठाची वाटी, टॉवेल मांडीजवळ. एकदा बसली की आंघोळ संपेपर्यंत ती उठायची नाही आणि कशासाठी मागे वळायचीही नाही. सारं हाताच्या टप्प्यात. बाळ दुसऱ्या कुणीतरी तिच्या हातात आणून द्यायचं आणि न्हालेलं बाळ दुसरंच कुणी उचलून न्यायचं. सकाळच्या प्रहरी दोन-तीन घरची बाळं न्हाऊ घालण्याचं रहस्य यात आहे.

आपण तेवढं घ्यावं. पाय पसरून बसायची मात्र गरज नाही, तसं बसून पाठ गोल होते आणि सवय नसलेल्यांना सोसत नाही. कपडे धुताना घेतो ते नऊ-दहा इंच उंचीचं स्टूल घ्या, गुडघे फाकवून बसा, कुत्र्याला दोन गुडघ्यांच्या मधोमध उभं करा, तोंड भिंतीच्या कोपऱ्याकडे. म्हणजे त्याला पळायला वाट राहत नाही आणि ते आपल्या अंगाशी राहतं. पाण्याची बादली उजवीकडे किंचित पुढे, कधीच पाठीमागे नको. वाकलेल्या अवस्थेत पिळा मारून मग भरणं याच्याइतकं वाईट काही नाही. शाम्पू आधीच अर्धा मग पाण्यात कालवून ठेवा, म्हणजे बाटलीची शोधाशोध नको आणि तो पसरतोही लवकर. धुऊन झालं की कुत्र्याला घेऊन उठू नका. दाराशी मुलाला टॉवेल पसरून उभं करा आणि त्याच्या हवाली करा. शपथा घेतल्या होत्या ना, त्यातली एवढी तरी वसूल करा! गुडघे दुखणाऱ्यांनी या फंदात न पडता स्टुलाचीच सोय करावी. गरोदर बाई, नुकतीच बाळंत झालेली, पोटाचं ऑपरेशन झालेली, यांनी तर हे काम घरातल्या पुरुषमाणसाकडे द्यावं. त्यांना जमतं, दोन वेळा दाखवावं लागतं इतकंच.

कमरेचा सगळ्यात स्वस्त बचाव म्हणजे आंघोळच कमी वेळा घालणं. निरोगी छोट्या कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा पुष्कळ झाली. दर रविवारी न्हाऊ घातलं तर त्याच्या कातडीचं तेल निघून जातं, ती कोरडी पडते आणि खाज सुटते. रोज दहा मिनिटं ब्रश फिरवावा, तोही खुर्चीवर बसून, कुत्रं मांडीवर घेऊन. पावसाळ्यात फिरून आल्यावर फक्त पाय. एक मग कोमट पाणी घ्या, एकेक पंजा त्यात बुडवा, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, नाहीतर तिथे चिघळतं. साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टो माणसांसारखा कुत्र्यांनाही होतो, तेव्हा आपल्या हाताला चीर असेल तर हातमोजे घाला आणि त्याची लस चुकवू नका. पाय पुसतानाच कानांमागे आणि बेचक्यांत गोचीड आहे का तेही बघून घ्यावं. गोचीड चावून येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. अंगावर घालायच्या थेंबांचं औषध लावत असाल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

साबण आपला नको, मुलांचाही नको. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने सौम्य, म्हणून आपला शाम्पू तिला झोंबतो. पाण्यात जंतुनाशकाचं बूच ओतायची आपल्याकडे फार आवड. ते अजिबात नको, कुत्रं अंग चाटतं आणि ते पोटात जातं. पाणी कोपराला कोमट लागेल इतपत. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं, तेव्हा सकाळीच उरकावं. कानांत कापसाचा सैल बोळा ठेवावा आणि आठवणीने काढावा.

एक गोष्ट कमरेची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुत्रं पळू नये म्हणून आपण बाथरूमचं दार लावून घेतो, खिडकीही बंद. आत गॅसचा गीझर चालू असेल तर असं कधी करू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, चक्कर येईपर्यंत कळतही नाही. पाणी काढून घ्या, गीझर बंद करा, मग दार लावा. चपट्या नाकाच्या पगला तर नुसत्या वाफेनेही धाप लागते, त्यामुळे खिडकी उघडी हवीच. केस वाळवायचं यंत्र बाहेरच्या खोलीत, बसून, मंद वाऱ्यावर.

आणि कंबर आधीच धरलेली असेल तर त्या महिन्यात आंघोळ नाही, ओल्या पंचाने पुसून काढा. दोन-चार दिवसांत दुखणं उतरलं नाही, किंवा कळ मांडीतून पोटरीत उतरू लागली, पायाला मुंग्या आल्या, तर शेक-लेप करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

कुत्र्याच्या कातडीचं काही असेल तर जवळपास डॉक्टर आहेतच. शिवाय परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला जुनी मंडळी अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि तिथेच १८८६ सालापासून चालत आलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. बोरिवली-मुलुंडहून लांब पडतं, पण आंघोळीने बरी न होणारी खाज घरीच चोळत बसण्यापेक्षा ती खेप परवडते.

राहिले मोरीच्या जाळीवर अडकलेले केस. ते ओले असताना काढू नका, चिकटून राहतात आणि खरवडत बसावं लागतं. तासाभराने वाळले की लांब दांड्याच्या झाडूने एका फटक्यात गोळा होतात, उभ्या उभ्या.