शिक्का कशाचा?

‘काळजी नको, नोटरी करून घेतलंय.’ माझ्या कामात हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणारा कधी नवरा, कधी भाऊ, कधी कर्जाचा एजंट. ज्या बाईची सही आहे तिला मात्र कागदात काय लिहिलंय याचा पत्ता नसतो.

१९५२च्या नोटरी कायद्याने नोटरीला दिलेलं काम मर्यादित आहे. सही करणारी व्यक्ती तीच आहे ना हे पाहायचं, सही साक्षांकित करायची, शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घ्यायचं, वहीत नोंद ठेवायची. मजकूर खरा आहे किंवा व्यवहार न्याय्य आहे, असं तो शिक्का सांगत नाही. तरी स्टँपपेपरवर ‘फारकत’ लिहून बाईला घराबाहेर काढलं जातं. नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. लग्न-घटस्फोटाचे असे कागद करण्याचा अधिकार नोटरींना नाही, हे केंद्राच्या कायदा मंत्रालयाला ऑक्टोबर २०२४मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

हक्कसोडपत्राचं तेच. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. जमिनीवरचा हक्क सोडण्याचा दस्त १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. पण ‘माहेर तुटेल’ या धाकाने नोटरीच्या कागदावर सही घेतली की बहीण गप्प बसते, आणि भावाचं काम भागतं.

कर्जाचा एजंट तर घरीच येतो. फुल्या मारलेल्या जागी बाई सह्या करते, आणि सहकर्जदार किंवा जामीनदार होते. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर १८७२च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पैसा नवऱ्याच्या धंद्यात, घर त्याच्या नावावर, वसुलीवाला हिच्या दारात! कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो तक्ता किती जणींनी पाहिलाय?

यावर ठरलेलं उत्तर येतं : बायकांनी शिकावं, वाचून सही करावी. पण माझ्याकडे शिक्षिका येतात, नर्स येतात. त्यांना वाचता येत होतं, ‘वाचू द्या’ म्हणण्याची मुभा नव्हती. दोष बाईच्या अज्ञानाचा नाही. तिच्यावरच्या दबावाकडे पाठ फिरवून फी घेणाऱ्याचा आहे.

म्हणून आपली मागणी साधी असावी. बाई समोर नसेल तर शिक्का नाही. घरच्यांना बाहेर बसवून तिला मजकूर मराठीत वाचून दाखवा, तिची मर्जी विचारा, प्रत तिच्या हाती द्या. ‘एवढा वेळ कुठे आहे?’ असं नोटरी म्हणतील. तिचं घर आणि जमीन जाते तिथे दहा मिनिटं जास्त नाहीत.

बाईला न पाहताच शिक्का मारला असेल, तर नोटरीविरुद्ध त्याला नेमणाऱ्या सरकारकडे तक्रार करता येते. मैत्रिणींनो, प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातली अशी प्रकरणं गोळा करावीत आणि तक्रारी घालाव्यात. आपण विचारल्याशिवाय हे थांबणार नाही.